'हिंडर' म्हणजे नक्की काय? रोखणे, अडवणे की नुसताच त्रास?

अर्धविराम | सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,
मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. ललित वगैरे काही नाही. यंत्रांची, औषधांची माहितीपत्रकं, जी लोक डबा उघडल्याबरोबर टाकून देतात ती. काल एका पत्रकात वाक्य आलं : 'द स्वेलिंग मे हिंडर ब्रीदिंग.' मी बेधडक लिहिलं, 'सुजेमुळे श्वास रोखला जाऊ शकतो.' मुद्रितशोधनाला गेलेला कागद परत आला तो 'रोखला'भोवती लाल गोल आणि समासात शेरा घेऊन : 'श्वास रोखला म्हणजे माणूस गेला. मूळ वाक्यात तो जिवंत आहे.'

मग 'अडवला' केलं. तेही पटेना. 'अडथळा निर्माण होऊ शकतो' केलं, तर वाक्य सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखं दिसायला लागलं. 'बाधा येऊ शकते' म्हटलं तर भूतबाधा आठवते. एका क्रियापदावर अख्खी संध्याकाळ गेली.

तर प्रश्न असा : 'हिंडर'चा नेमका अर्थ काय? थांबवणे की मंदावणे? आणि मराठीत त्याला एका शब्दाचं क्रियापद आहे का?

गप्पबसवे | सकाळी ९:२०

जो हिंडू देत नाही तो हिंडर. पुढचा प्रश्न?

बाराखडी | सकाळी ९:२४

गप्पबसवे, हा विनोद शाळेत असताना केला असतात तर माझे दोन मार्क वाचले असते. मी 'हिंडर'चा अर्थ 'भटक्या' लिहून आले होते.

तळटीप | सकाळी ९:५१

अर्धविरामताई, विनोद बाजूला ठेवू, पण आठवणीत ठेवायला तो वाईट नाही. 'हिंडर' हा जुन्या इंग्रजीतला शब्द. 'बिहाइंड'मधला जो 'हाइंड' आहे, त्याच घराण्यातला. मूळ चित्र मागे ठेवण्याचं, मागे ओढण्याचं. म्हणजे माणूस पुढे चाललाय आणि कुणीतरी सदऱ्याचं टोक धरून ठेवलंय. तो चालतोय, पण जोर लावून. जर्मनमध्ये आजही 'हिंडर्न' आहे.

गंमत म्हणजे स्पेलिंग तेच ठेवून 'हाइंडर' असा उच्चार केला की ते विशेषण होतं, 'मागचा' या अर्थी. आणि नाम करताना 'डी'नंतरचा 'ई' गळतो. 'हिंड्रन्स'मध्ये तो घालणारे शेकड्याने सापडतील, मीही एके काळी त्यांतलाच.

तेव्हा तुमच्या मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. थांबवणे म्हणजे 'स्टॉप' किंवा 'प्रिव्हेंट'. 'हिंडर'मध्ये काम चालू असतं, पण रखडत.

रसायनवाली | सकाळी १०:०७

तळटीप, अगदीच तसं नाही हं. आमच्याकडे 'स्टेरिक हिंड्रन्स' म्हणून प्रकार आहे. रेणूत एका कार्बनभोवती मोठे मोठे गट दाटीने बसलेले असले की बाहेरून येणाऱ्याला जवळच जाता येत नाही. 'एसएन २' अभिक्रियेत येणारा पाहुणा मागच्या बाजूने शिरतो आणि पुढून जुना गट निघून जातो. मिथाइल ब्रोमाइडमध्ये हे झटपट होतं, कारण मागे नुसते हायड्रोजन. एकेक मिथाइल गट वाढवत जा, वेग घसरत जातो. टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडपर्यंत पोचलात की ती वाट जवळजवळ बंदच. अभिक्रिया होते, पण वेगळ्या मार्गाने.

म्हणजे 'हिंडर'ची मात्रा वाढवत नेली की शेवटी 'थांबणं'च हातात येतं. शब्द एकच, आणि मुलांना शिकवताना मी दोन्हीकडे तोच वापरते.

गप्पबसवे | सकाळी १०:११

मागच्या दाराने येणाऱ्याला अडवतात म्हणून 'हाइंड'र. रसायनशास्त्र इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

तळटीप | सकाळी १०:१९

रसायनवाली, मान्य. पण तुमच्याच उदाहरणात बघा, तुम्हाला 'जवळजवळ बंद' असं वेगळं सांगावं लागलं. नुसत्या 'हिंडर्ड'वरून ते कळलं नसतं.

ओहमकार | सकाळी १०:४०

मग आमच्या 'इम्पीड'लाही बोलावून घ्या की. लॅटिन 'पेड' म्हणजे पाऊल. 'इम्पेदीरे' म्हणजे पाय अडकवणे, बेडी घालणे. आणि उलटं, पाय मोकळे करणे म्हणजे 'एक्सपेदीरे', ज्यातून 'एक्सपिडाइट' आलं. फाइल 'एक्सपिडाइट' करा म्हणणाऱ्या साहेबाला ठाऊक नसतं की तो फाइलच्या पायातली बेडी काढायला सांगतोय. रोमन सैन्याच्या सामानसुमानाला 'इम्पेदिमेंता' म्हणत. तंबू, भांडी, खेचरं... चालणाऱ्या फौजेचे पाय धरणारं सगळं.

विजेतला 'इम्पीडन्स' हा शब्द ऑलिव्हर हेव्हिसाइडने १८८६ मध्ये आणला. आणि तो बेडीपेक्षा 'हिंडर'सारखाच वागतो. एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, थांबत नाही, कमी होतो आणि व्होल्टेजच्या मागे किंवा पुढे सरकतो. घरच्या स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं ना, तो इम्पीडन्स. मल्टिमीटर लावून मोजलंत तर सहाच्या आसपास आकडा येतो, कारण मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर मोजतो, आणि तिथे दिसतो फक्त तारेचा रोध. मी नवशिका असताना असे दोन स्पीकर 'सदोष' म्हणून बाजूला काढून ठेवले होते. वरिष्ठ काही बोलले नाहीत, फक्त तिसरा स्पीकर आणून मीटरला लावला. मग चौथा.

बाराखडी | सकाळी १०:५२

ओहमकारदादा, पायात बेडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पटकन आलं : खोडा! 'खोडा घालणे' आपण वाक्प्रचार म्हणून वापरतो, पण खोडा ही खरीच वस्तू होती. कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं लाकूड. म्हणजे 'इम्पीड' आणि 'खोडा घालणे' हे दोन वेगळ्या भाषांत काढलेलं एकच चित्र.

हे सुचल्यावर आता कामात लक्ष लागत नाहीये.

तळटीप | सकाळी ११:१५

बाराखडी, झकास! मग पुढे चला. 'थ्वॉर्ट' घ्या. तो जुन्या नॉर्समधून आला, अर्थ 'आडवा'. होडीत वल्हवणारा बसतो त्या आडव्या फळीलाही 'थ्वॉर्ट'च म्हणतात. आपल्याकडे काय? आडकाठी. आडवे येणे. चित्र तंतोतंत तेच. फक्त आज 'थ्वॉर्ट' जास्त कडक झालाय. बेत 'थ्वॉर्ट' झाला म्हणजे उधळलाच, आणि आडकाठीतून माणूस अजून वाट काढू शकतो.

'ऑब्स्ट्रक्ट' म्हणजे लॅटिनमध्ये समोर बांधकाम करणे, 'स्ट्रक्चर'मधलाच धातू. वाटेत भिंत.

आपल्याकडचं तर सुताराचं दुकानच आहे. पाचर मारणे, खीळ घालणे, अडसर (दारामागचा दांडा), लोढणं (ओढाळ गुराच्या गळ्यातला ओंडका), कोलदांडा (हातपाय बांधून मध्ये दांडा घालायची शिक्षा). दुसऱ्याचं काम अडवायला आपल्या पूर्वजांनी एवढं लाकूड खर्च केलंय!

गप्पबसवे | सकाळी ११:१८

म्हणूनच जंगलं कमी झाली.

मधलीसुट्टी | सकाळी ११:३३

बिब्बा राहिला. मोडता राहिला. माशी शिंकणं राहिलं. घोडं पेंड खातं तेही राहिलं. लाकडावाचूनही काम अडवता येतं.

नाइटवॉचमन | दुपारी १२:०५

'ऑब्स्ट्रक्ट' निघालाच आहे तर क्रिकेटशिवाय धागा कसा पुरा होणार? 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड', क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद. कसोटीत अनेक दशकं या यादीत एकच नाव होतं, इंग्लंडचा लेन हटन, १९५१, ओव्हल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. चेंडू वर उडाला, तो यष्ट्यांवर पडेल म्हणून त्याने परत बॅट फिरवली आणि त्या नादात यष्टिरक्षक रसेल एंडीनचा झेल हुकला. नियतीचा खेळ बघा, हाच एंडीन १९५७ मध्ये केपटाउनला चेंडू हाताळल्याबद्दल बाद झाला.

एकदिवसीय सामन्यांत आपले मोहिंदर अमरनाथ १९८९ मध्ये असे बाद झाले. त्याआधी १९८६ मध्ये मेलबर्नला ते चेंडू हाताळल्याबद्दलही बाद झाले होते. २०१७ मध्ये 'हँडल्ड द बॉल' हा वेगळा प्रकार काढून 'ऑब्स्ट्रक्टिंग'मध्येच घातला. म्हणून २०२३ मध्ये मुशफिकुर रहीमने न्यूझीलंडविरुद्ध चेंडू हाताने बाजूला सारला, तेव्हा त्याच्या नावापुढे 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड' लागलं.

आता मुद्द्याचं. या नियमात 'विलफुल' हा शब्द आहे, मुद्दाम केलेलं. चेंडू लागू नये म्हणून अंग चोरताना तो थोपवला गेला तर बाद नाही. तेव्हा माझं मत असं : 'ऑब्स्ट्रक्ट' हेतू असलेला, 'हिंडर' हेतू नसलेला.

तळटीप | दुपारी १२:२६

नाइटवॉचमन, बाकी उत्तम, निष्कर्षाशी असहमत. 'विलफुल' वेगळं लिहावं लागलं, यातच उत्तर आहे. हेतू शब्दातच असता तर ते कशाला लिहिलं असतं? वाटेत पडलेलं झाडही रस्ता 'ऑब्स्ट्रक्ट' करतं. झाडाचा काय हेतू?

नाइटवॉचमन | दुपारी १२:३१

त्रिफळाचीत. परत तंबूत.

शून्यभागिले | दुपारी १:१०

अमेरिकी सिनेटमधलं 'फिलिबस्टर' कुणी काढलं नाही अजून? विधेयक मंजूर होऊ नये म्हणून बोलतच राहायचं. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटं बोलले होते. शब्द मूळचा डच, समुद्री लुटारू या अर्थाचा, स्पॅनिशमधून फिरून आलाय. मग गोल्फमधलं 'स्टायमी'. पूर्वी प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या चेंडूच्या आणि खळग्याच्या मध्ये येऊन बसला तरी तो उचलायचा नाही, वळसा घालून नाही तर वरून उडवून मारायचं. १९५२ पासून तो नियम गेला, शब्द मात्र 'वाट अडवणे' या अर्थी राहिला. शिवाय 'स्टोनवॉल'...

अर्धविराम | दुपारी १:२२

शून्यभागिले, तुम्ही माझ्या धाग्याला 'फिलिबस्टर' करताय.

शून्यभागिले | दुपारी १:२३

ठेवतो माइक खाली.

कागदपत्री | दुपारी २:०२

एक शंका. पासपोर्टच्या आत इंग्रजीत लिहिलेलं असतं की धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. 'हिंड्रन्स' कळलं. पण 'लेट' म्हणजे तर 'जाऊ देणे' ना? 'जाऊ न देता जाऊ द्या' असं काय लिहिलंय? मला वाटायचं छापताना चूक झाली असावी.

तळटीप | दुपारी २:३०

कागदपत्री, आजचा सर्वांत सुंदर प्रश्न. इंग्रजीत 'लेट' दोन होते. एक 'लॅटन', म्हणजे जाऊ देणे. दुसरा 'लेट्टन', म्हणजे अडवणे, उशीर करवणे. कालांतराने दोघांचे उच्चार आणि स्पेलिंग सारखे झाले. एकच तोंड, आणि दोन अगदी उलट बोलणी. भाषेला हे झेपेना, म्हणून 'अडवणे'वाला 'लेट' मागे पडला. शेक्सपिअरच्या काळी तो जिवंत होता. हॅम्लेट म्हणतो, मला जो 'लेट' करेल त्याचं भूत करीन. तिथे आजचा अर्थ घेतलात तर बिचारा मदत करणाऱ्यालाच मारायला निघालाय असं होईल!

आता तो उरलाय पासपोर्टसारख्या ठरीव वाक्यात आणि टेनिसमध्ये. सर्व्हिस जाळीला चाटून योग्य चौकोनात पडली की पंच 'लेट' म्हणतात, तो हाच अडथळ्याचा 'लेट'.

मधलीसुट्टी | दुपारी २:३४

आँ? मी आजवर तो 'नेट'चा अपभ्रंश समजत होतो. आमच्यात सगळे 'नेट, नेट' असंच ओरडायचे.

तळटीप | दुपारी २:४१

पुष्कळांना तसं वाटतं. पण जाळीचा संबंध नसतानाही 'लेट' देतात. समोरचा तयार नसताना सर्व्हिस केली, शेजारच्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आत आला, तरी 'लेट'च. खेळात अडथळा आला, परत खेळा.

आणि अजून एक. हा अडवणारा 'लेट' आणि उशीर झाला या अर्थाचा 'लेट' हे इंग्रजीत भाऊबंद आहेत. मुळात अर्थच 'उशीर करवणे' असा. देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो. तेव्हा 'कुणी लेट न करता' असं पासपोर्टचं भाषांतर केलंत तर ते व्युत्पत्तीने शंभर टक्के शुद्ध ठरेल.

गप्पबसवे | दुपारी २:४४

आणि इमिग्रेशनच्या रांगेत शंभर टक्के खोटं.

कागदपत्री | दुपारी २:५८

आत्ता कपाट उघडून पाहिलं. हिंदीत 'बिना रोक-टोक' लिहिलंय. दोन शब्दांना दोन शब्द, वर यमक. ज्याने केलं त्याला नमस्कार.

हॅम्परवाला | दुपारी ३:१५

माझी व्यथा कुणी ऐकेल का? 'रेन हॅम्पर्स रेस्क्यू' असा मथळा वाचून मला लहानपणी वाटायचं की पावसाने बचाव पथकाला भेटवस्तूंची टोपली पाठवली.

बाराखडी | दुपारी ३:२२

हॅम्परवाला, टोपलीवाला 'हॅम्पर' जुन्या फ्रेंचमधला, पेले ठेवायच्या पेटीवरून आलेला. अडवणारा 'हॅम्पर' वेगळा, आडनावबंधू म्हणा. त्यात गुंता, अवघडणं असं काहीतरी आहे. ओल्या झग्यात धावणाऱ्या माणसाची धाव 'हॅम्पर' होते.

मुद्रणदोष | दुपारी ४:०५

सकाळपासून वाचतोय. व्युत्पत्ती छान, पण त्याने अर्धविरामताईंचं वाक्य सुटत नाही. रोमन खेचरं आणि कैद्यांचे खोडे माहीत असलेला माणूससुद्धा 'सूज श्वासोच्छ्वासात खोडा घालू शकते' असं लिहून बसेल. लिहून बघा, हसू येतं. का येतं?

कारण मराठीत 'घालणे' म्हटलं की घालणारा लागतो. खोडा, मोडता, बिब्बा, कोलदांडा, सगळे कुणीतरी घालतं, आणि मनात काहीतरी ठेवून घालतं. सुजेला कसला आलाय डाव? याउलट खीळ बसते, खोळंबा होतो, अडचण येते. इथे कर्ता नाही, आपोआप घडतं. आणि आपल्याकडे जोड्या तयार आहेत : अडथळा येणे आणि अडथळा आणणे, खीळ बसणे आणि खीळ घालणे, खोळंबा होणे आणि खोळंबा करणे.

इंग्रजीत 'हिंडर' दोन्हीकडे चालतो. पाऊसही 'हिंडर' करतो आणि शेजारीही. मराठी मात्र वाक्य सुरू करण्याआधी विचारते : झालं, की केलं? नाइटवॉचमन हेतूचा मुद्दा इंग्रजीत शोधत होते. तो इंग्रजीत नव्हता, मराठीत होता.

म्हणून एका शब्दाचं क्रियापद शोधू नका. 'अडवणे' आहे, पण त्याचा सूर 'थांबवणे'कडे झुकतो. 'अडखळवणे' ओढूनताणून होतं. 'हिंडर'सारखं सौम्य, हेतूबद्दल मौन पाळणारं सुटं क्रियापद निदान मला तरी माहीत नाही. नाम घ्या आणि त्याला येणे, होणे, बसणे यांतलं शोभेल ते जोडा.

नाइटवॉचमन | दुपारी ४:११

तिसऱ्या पंचांनी निर्णय फिरवला! परत बॅटिंगला येऊ?

तळटीप | दुपारी ४:२०

मुद्रणदोष, मान खाली. मी दिवसभर सुताराच्या दुकानात रमलो आणि गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारलंच नाही.

एक व्याकरणाची भर, उलट दिशेने लिहिणाऱ्यांसाठी. 'हिंडर'नंतर 'टू' लावू नये. 'हिंडर्ड मी टू वर्क' असं आपण मराठीतल्या 'काम करायला'वरून लिहितो. 'फ्रॉम वर्किंग' हवं. पण बहुतेकदा माणसाला कर्म न करता थेट कामालाच करतात : प्रगती हिंडर, वाढ हिंडर, तपास हिंडर.

रसायनवाली | दुपारी ४:३७

मुद्रणदोष यांच्या म्हणण्यात थोडी दुरुस्ती. 'येणे'वाली रूपं सौम्य असतात हे खरं, पण 'खीळ बसली' मला सौम्य वाटत नाही. उत्पादनाला खीळ बसली म्हणजे ठप्पच. तिथे 'हिंडर' टाकलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की थोडंफार चालू असेल.

मुद्रणदोष | दुपारी ४:४४

खरंय. खिळीला यादीतून काढा.

ओहमकार | संध्याकाळी ५:०२

मला तर वाटतं त्या वाक्यात अडथळ्याचं नावच काढू नये. सूज आलेला माणूस डॉक्टरला काय सांगतो? 'श्वासोच्छ्वासात बाधा येत आहे' असं सांगतो का? 'श्वास घ्यायला त्रास होतोय' म्हणतो. झालं की.

मधलीसुट्टी | संध्याकाळी ५:०५

+१. सकाळी ९:१२ ला हे सांगितलं असतं तर आम्हा सगळ्यांची कामं 'हिंडर' झाली नसती.

अर्धविराम | संध्याकाळी ६:४८

मंडळी, आभार. पत्रक गेलं. शेवटी लिहिलं : 'सुजेमुळे श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो.' मुद्रितशोधकांकडून दहा मिनिटांत परत आलं, या वेळी लाल गोल नाही. फक्त समासात बारीक अक्षरांत : 'आता श्वास लागला.'

ओहमकारदादा, त्रास तुमचा, येणे-होणे मुद्रणदोषांचं. तळटीप यांचं सुताराचं दुकान मी वहीत उतरवून ठेवलंय, कधीतरी यंत्रांच्या पत्रकात पाचर लागेलच.

पुढच्या पानावर 'ॲग्रव्हेट' आलाय. मी 'चिघळणे' लिहिलंय, पण दुखणं डोकेदुखीचं आहे आणि डोकं चिघळत नाही. नवा धागा काढू का?

गप्पबसवे | संध्याकाळी ६:५०

काढा, काढा. खोडा कोण घालतंय?